तुळईचे गणित सर्वांचे कसे झाले

दिल्लीच्या आर. के. पुरममध्ये, सेक्टर ६ मधल्या कामकोटी मार्गावर इंडियन रोड्स काँग्रेसचे (आयआरसी) कार्यालय आहे. केंद्र सरकारच्या नोकरदारांसाठी वसवलेली ही वसाहत. याच परिसरातल्या सेवा भवनात केंद्रीय जल आयोग बसतो. देशभरातल्या नदी-नाल्यांवरच्या बांधकामांचे कागद या एका वसाहतीत येतात-जातात, तरी तिचे नाव काढल्यावर कुणाला पूल आठवत नाही. गडचिरोलीच्या नाल्यावर किंवा सिंधुदुर्गातल्या खाडीवर रस्त्याचा पूल बांधायचा झाला, तर आराखडा करणारा अभियंता आधी आयआरसीचे कोड उघडतो. त्यात एक कल्पित वाहनमाला दिलेली आहे. तिला ‘क्लास ए’ म्हणतात: आठ आस आणि एकूण भार ५५४ किलोन्यूटन, म्हणजे साधारण साडेछप्पन्न टन. ही माला पुलाच्या गाळ्यावरून कागदावर चालवायची आणि तुळई किती वाकते, तिच्यात किती ताण येतो ते पाहायचे. या हिशेबात जागोजागी एक राशी लागते. तिचे पुस्तकी नाव क्षेत्रफळाचा दुसरा आघूर्ण. अभियंते मोमेंट ऑफ इनर्शिया म्हणतात आणि घाईत असले की नुसते ‘आय’. या राशीचा इतिहास सहसा गॅलिलिओपासून नाव्हिएपर्यंतच्या थोर माणसांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. तो खरा आहे, पण अर्धा आहे. माझे म्हणणे असे की ही राशी तक्ते, कोड आणि प्रमाणित गर्डर यांच्यात उतरली आणि तालुक्याच्या अभियंत्यालाही हाताशी मिळाली, तेव्हाच ती आपल्या देशाच्या कामी आली. हे घडवून आणण्यात एका मराठी बॅरिस्टराचा वाटा मोठा आहे.

आधी राशी काय सांगते ते पाहू. दोन टेकूंवर ठेवलेली तुळई भाराखाली लवते तेव्हा तिचा खालचा भाग ताणला जातो, वरचा दाबला जातो आणि मधे कुठेतरी एक पातळी अशी असते की तिथे ना ताण ना दाब. हा उदासीन अक्ष. त्याच्यापासून जितके दूर जावे तितका तंतू जास्त ताणला किंवा दाबला जातो, म्हणून त्याचे बल अंतराच्या प्रमाणात वाढते. पण वाकण्याला विरोध होतो तो त्या बलाच्या अक्षापासूनच्या पल्ल्यामुळे, आणि पल्ला म्हणजे पुन्हा तेच अंतर. असे अंतर दोनदा गुणले जाते. छेदाचा प्रत्येक बारीक तुकडा घ्यायचा, त्याचे क्षेत्रफळ अक्षापासूनच्या अंतराच्या वर्गाने गुणायचे आणि सगळ्यांची बेरीज करायची. आयताकृती छेदासाठी ही बेरीज रुंदी गुणिले खोलीचा घन भागिले १२ अशी येते. खोली दुप्पट केली की तुळई आठपट ताठ होते, रुंदी दुप्पट केली तर फक्त दुप्पट. फूटपट्टी आडवी धरली की वाकते आणि कडेवर उभी धरली की वाकत नाही, ते यामुळेच.

इतकी साधी दिसणारी गोष्ट नीट मांडायला युरोपला दोन शतके लागली. १६३८ साली गॅलिलिओने ‘दोन नव्या विज्ञानां’वरचा आपला ग्रंथ छापला आणि भिंतीत रोवलेल्या तुळईचा प्रश्न त्यात घेतला. पट्टी कडेवर उभी का टिकते याचे उत्तर त्याला सापडले होते: ताकद रुंदीच्या आणि खोलीच्या वर्गाच्या प्रमाणात असते, हे त्याने बरोबर सांगितले. चूक झाली ती रकमेत. संपूर्ण छेदावर एकसारखा ताण असतो आणि तुळई खालच्या कडेभोवती फिरते, असे त्याने धरले. दाब त्याच्या चित्रात नव्हताच. परिणामी त्याच्या हिशेबाने येणारी ताकद खऱ्या ताकदीच्या तिप्पट निघते. त्याच्या सूत्राने दोन तुळयांची तुलना करा, उत्तर अचूक येईल. एका तुळईवर किती भार ठेवू म्हणून विचारा, तर घर पडेल. पुढे हूकने १६७८ मध्ये ताण आणि लांबी वाढणे यांचे प्रमाण सांगितले, मारिओतने लाकडाच्या व काचेच्या दांड्या मोडून गॅलिलिओचा आकडा फुगलेला आहे हे दाखवले, पारांने १७१३ मध्ये आणि कूलोंबने १७७३ च्या आपल्या निबंधात ताण आणि दाब दोन्ही बाजूंना मांडून ताळेबंद जुळवला. पण पारांचे लेखन कुणी फारसे वाचले नाही आणि कूलोंबचेही बांधकाम करणाऱ्यांच्या हाती सहजी पडले नाही. १८२६ साली नाव्हिएने पॅरिसच्या पूल व रस्ते विद्यालयातली आपली व्याख्याने छापली. उदासीन अक्ष छेदाच्या गुरुत्वमध्यातून जातो आणि तुळईचा ताठपणा म्हणजे द्रव्याची लवचिकता गुणिले ‘आय’, हे त्यांत विद्यार्थ्यांसाठी लिहिलेले होते. बरोबर उत्तर निदान पन्नासएक वर्षे आधीपासून उपलब्ध होते. नाव्हिएने ते वर्गात आणले, आणि मला त्याचे मोठेपण त्यातच दिसते.

वर्गात आले तरी कारखान्यात लगेच पोचले नाही. मँचेस्टरला ईटन हॉजकिन्सनने १८३० च्या सुमारास बिडाच्या तुळया मोडून पाहिल्या. बीड दाबाला ताणाच्या सुमारे सहापट सोसते, तेव्हा खालचा फ्लँज, म्हणजे तुळईची खालची आडवी पट्टी, वरच्याच्या सहापट ठेवावा, असा निष्कर्ष त्याने काढला. तो शहाणपणाचा होता. पण व्यवहारासाठी त्याने दिलेल्या सूत्रात खालच्या फ्लँजचे क्षेत्रफळ, तुळईची खोली आणि गाळ्याची लांबी एवढेच होते. सगळ्या छेदाचा हिशेब नव्हता. असे सूत्र ज्या नमुन्यांवर बेतलेले असते त्यांच्या आसपास चालते. रेल्वेचे गाळे लांबत गेले, बिडाच्या तुळयांना घडीव लोखंडाच्या पट्ट्यांचा आधार देण्याची टूम निघाली, आणि २४ मे १८४७ रोजी चेस्टरजवळ डी नदीवरचा असाच पूल गाडीखाली मोडला. पाच माणसे मेली. नेमके कारण काय यावर अभ्यासकांत अजून वाद आहे, पण जुन्या सूत्राच्या कक्षेबाहेरचा तो प्रकार होता याबद्दल नाही. शाही चौकशी आयोग बसला, १८४९ मध्ये अहवाल आला, आणि लांब गाळ्यांसाठी बीड मागे पडून रिव्हेट ठोकलेले घडीव लोखंडाचे गर्डर आले. त्या पुलाचा अभियंता रॉबर्ट स्टीफन्सन हाच ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा सल्लागार, आणि मुंबई-ठाणे मार्ग बांधणारा जेम्स बर्कली हा त्याच्याच तालमीतला. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदराहून निघालेली गाडी आपल्या पाठ्यपुस्तकांत आहेच. त्या मार्गाच्या कर्त्यांच्या डोक्यावर डी पुलाची सावली होती, हे मात्र पाठ्यपुस्तकांत नाही.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. ही राशी ठाऊक नसताना शनिवारवाडा उभा राहिलाच ना? जुन्नरच्या रानातले सागवान, चिंचवडचा दगड, जेजुरीचा चुना यांवर १७३० ते १७३२ मध्ये पेशव्यांनी वाडा बांधला. सुतारांनी तुळया टाकल्या, त्यांवर कड्या, कड्यांवर पाट, आणि त्या माड्यांवर कितीतरी पिढ्या वावरल्या. हेमाडपंती देवळांतल्या दगडी तुळया सात-आठशे वर्षे टिकून आहेत. मग नाव्हिएने नवे काय दिले? याचे उत्तर लाकडाच्या भावात आहे. सुताराचा अनुभव सुरक्षित होता, कारण तो उदार होता: जाड तुळई, जवळजवळ कड्या, आखूड गाळा. चौरस छेदाची तुळई घेतली आणि तेवढेच लाकूड खोलीला रुंदीच्या दुप्पट ठेवून कडेवर उभे केले, तर ‘आय’ दुप्पट होतो आणि ताकद सुमारे १.४ पट. सागवान विपुल असताना हा फरक कुणी मोजायची गरज नव्हती. शिवाय पिढ्यांचा अनुभव त्याच लाकडाचा, त्याच गाळ्यांचा होता. द्रव्य बदलले, गाळा लांबला, भार चालता झाला की तो अनुभव तिथेच थांबतो. डी पुलावर बिडाचा अनुभव अवघ्या काही दशकांतच अपुरा पडला. सुताराच्या जाणतेपणाला यात उणेपणा नाही. त्याला विचारलेला प्रश्न वेगळा होता.

नवा प्रश्न भारतात आला, पण त्याचे उत्तर शोधण्याचे काम भारतात आले नाही. १८५४ मध्ये पुण्यात इंजिनियरिंगचा वर्ग निघाला, त्याचेच पुढे इंजिनियरिंग कॉलेज झाले. पण मूळ हेतू सार्वजनिक बांधकाम खात्याला दुय्यम दर्जाची माणसे पुरवण्याचा होता. रेल्वेचे सल्लागार लंडनला, गर्डर विलायतेत घडवायचे, जहाजाने यायचे आणि इथे जोडायचे. ‘आय’ किती हवा हे तिकडे ठरायचे. इकडच्या ओव्हरसियरने गर्डर नकाशाप्रमाणे बसला का ते पाहायचे. खुद्द ब्रिटनमध्येही प्रत्येक गिरणीचे छेद वेगळे असत. १९०१ साली तिथे प्रमाणीकरणाची समिती नेमली गेली आणि बांधकामाच्या पोलादी छेदांची संख्या १७५ वरून ११३ वर आली. गर्डरचे माप आणि त्याचा ‘आय’ एकदा छापून सगळ्यांसाठी नक्की करता येतो, ही कल्पना तिथून रुजली. भारतातल्या गिरण्याही मग ब्रिटिश छेदच काढू लागल्या.

रस्त्यांच्या बाबतीत मात्र असे काहीच नव्हते. रस्ते जिल्हा बोर्डांचे आणि प्रांतांचे. पहिल्या महायुद्धानंतर मोटारी वाढल्या तेव्हा जुने पूल आणि सडका त्यांच्या भारापुढे टिकेनात, आणि प्रत्येक प्रांत आपापल्या परीने सुधारणा करू लागला. १९२७ मध्ये भारत सरकारने एक समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद मुकुंद रामराव जयकरांकडे गेले. जयकर बॅरिस्टर, पूर्वी स्वराज्य पक्षातले नेते. पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो आणि विद्यापीठाच्या ग्रंथालयाला त्यांचे नाव आहे. त्यांचा रस्त्यांवरचा अहवाल आपल्याकडे फारसा कुणाला आठवत नाही, आणि मला हे खटकते, कारण माझ्या मते त्यांच्या सार्वजनिक कामांत तो सर्वांत लांब पल्ल्याचा आहे. १९२८ च्या त्या अहवालाने तीन गोष्टी सुचवल्या. मोटारवाल्यांकडून पेट्रोलवर जादा कर घेऊन तो रस्त्यांसाठी वेगळा ठेवावा; त्यातून १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी झाला. रस्ते-अभियंत्यांनी एकत्र बसून अनुभव मांडावेत, नियम ठरवावेत अशी एक निमसरकारी तांत्रिक संस्था असावी. त्यातून डिसेंबर १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली. तिसरी सूचना संशोधनसंस्थेची, ती स्वातंत्र्यानंतर दिल्लीतल्या केंद्रीय मार्ग संशोधन संस्थेच्या रूपाने साकार झाली. दुसऱ्या सूचनेतला शहाणपणा लक्षात घेण्यासारखा आहे. जयकर अभियंता नव्हते. कोड कसा असावा हे त्यांनी सांगितले नाही. कोड करणारी माणसे कुठे आणि कशी भेटतील, याची सोय केली. एका प्रांतातल्या अभियंत्याचा अनुभव दुसऱ्याला कळावा, पूल कुठल्याही प्रांतात असला तरी त्याच्यावरून तीच कल्पित वाहने न्यावीत, हे त्या सोयीमुळे शक्य झाले.

स्वातंत्र्यानंतर या राशीला आणखी एक जागा मिळाली. १९५० च्या सुमारास देशात तयार पोलाद वर्षाला जेमतेम दहा लाख टन निघत होते. भिलाई, राउरकेला, दुर्गापूर अजून कागदावरही नव्हते, आणि धरणे, पूल, कारखाने सगळ्यांना पोलाद हवे होते. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय मानक संस्थेने १९५० मध्ये पोलाद बचतीचा कार्यक्रम हाती घेतला. कमी पोलादात जास्त ताठपणा देणारे छेद ठरवायचे आणि गिरण्यांनी तेच काढायचे, असा त्याचा गाभा. १९५७ च्या आयएस ८०८ या मानकात हे छेद नक्की झाले, आणि १९६४ च्या हँडबुकात त्यांचे गुणधर्म दशांशासकट छापले गेले. प्रत्येक सिव्हिल इंजिनियरने हाताळलेले ‘स्टील टेबल’ ते हेच. त्यातली एक ओळ जवळून पाहू. आयएसएमबी ३०० हा गर्डर: उंची ३०० मिलीमीटर, फ्लँज १४० मिलीमीटर रुंद, मीटरला वजन ४४.२ किलो, छेदाचे क्षेत्रफळ ५६.२६ चौरस सेंटीमीटर, उभ्या वाकण्यासाठी ‘आय’ ८६०३.६, आडव्यासाठी ४५३.९, दोन्ही सेंटीमीटरच्या चौथ्या घातात. आता तेवढेच पोलाद साडेसात सेंटीमीटर बाजूच्या चौरस भरीव दांड्यात ओता. वजन तेच, भाव तोच, पण ‘आय’ सुमारे २६४ भरतो. आकार बदलल्याने ताठपणा साडेबत्तीसपट झाला. तो कुठून आला तेही तक्त्यावरून काढता येते: दोन फ्लँजमध्ये पोलाद छेदाच्या सुमारे ६२ टक्के, पण ‘आय’मधला त्यांचा वाटा ८० टक्क्यांहून अधिक, कारण ते अक्षापासून चौदा-साडेचौदा सेंटीमीटर दूर आहेत. मधला उभा वेब मुख्यतः त्या दोघांना दूर ठेवतो आणि कातर सोसतो. पोलादाची टंचाई असलेल्या देशाला ही ओळ म्हणजे परकीय चलन वाचवण्याचे साधन होते. आणि गर्डर आडवा टाकला तर ताठपणा एकोणिसावा हिस्सा उरतो, हेही तीच ओळ सांगते.

दुसरा आक्षेप शिक्षकांचा असतो: तक्त्यांनी अभियंते आंधळे झाले. पोरगा पान उलटतो, आकडा उचलतो, सूत्रात घालतो. त्यामागे अंतराचा वर्ग आहे हे त्याला कळत नाही. यात तथ्य आहे, आणि संगणकाने ते वाढवलेच आहे. पण तक्ता नसता तर काय असते, याचा विचार करावा. एकोणिसाव्या शतकात समज थोड्यांकडे होती आणि निर्णयही त्यांच्याकडेच. पुण्याच्या वर्गातून निघालेल्या ओव्हरसियरला आकडा तपासायचा अधिकार नव्हता आणि साधनही नव्हते. तक्त्याने साधन दिले. कंत्राटदाराने ३०० ऐवजी २०० चा गर्डर आणला, तर साध्या ज्युनियर इंजिनियरलाही दोन ओळी शेजारी ठेवून दिसते की वजन २५.४ किलोवर, म्हणजे निम्म्याच्या थोडे वर आले आहे, पण ‘आय’ २२३५.४ वर, जवळजवळ चौथाईवर घसरला आहे. हे दाखवल्यावर तो हट्ट धरू शकतो. समज वर्गात द्यायची. ती दिली जात नसेल तर दोष वर्गाचा.

तिसरा आक्षेप जास्त तांत्रिक आणि जास्त गंभीर. नाव्हिएचे गणित एकजिनसी, लवचिक द्रव्याचे आहे. आपले बहुतेक पूल काँक्रीटचे. काँक्रीट ताणाखाली तडकते, वर्षानुवर्षे हळूहळू लवत राहते, आणि मोडायच्या वेळी ताणाचे वाटप सरळ रेषेत राहत नाही. आयआरसीनेच २०११ मध्ये आयआरसी ११२ आणून काँक्रीट पुलांसाठी जुनी कार्यकारी ताणाची पद्धत सोडली आणि मर्यादा-अवस्थेची धरली. मग ‘आय’ जुन्या काळचा झाला का? मोडण्याच्या ताकदीपुरते म्हणाल, तर त्याचे राज्य खरोखर आकसले आहे. पण पूल न मोडता निकामी होऊ शकतो: लवला, तडे रुंदावले, गाडी हादरू लागली, तर तो वापरता येत नाही. त्या मर्यादेचा हिशेब ताठपणानेच होतो, आणि दोन टेकूंवरच्या, सगळीकडे सारखा भार असलेल्या गाळ्याचे लवणे आजही गाळ्याच्या लांबीच्या चौथ्या घाताला ‘आय’ने भागूनच निघते. फरक एवढा की आता ‘आय’ दोन असतात, अखंड छेदाचा आणि तडकलेल्या छेदाचा. तडकलेले काँक्रीट हिशेबातून काढायचे, पोलादाच्या सळया त्यांच्या ताठपणाच्या प्रमाणात काँक्रीटमध्ये बदलून मोजायच्या, आणि अक्ष नव्याने शोधायचा. कल्पना नाव्हिएचीच, फक्त छेद कोणता ते प्रामाणिकपणे सांगायला लागते.

राहिला मांडवीचा आक्षेप, आणि तो टाळून हा विषय संपवता येणार नाही. पणजीला मांडवी नदीवरचा नेहरू पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. प्रीस्ट्रेस्ड काँक्रीटचा, खांबांपासून दोन्ही बाजूंना पसरणाऱ्या पेटीसारख्या तुळयांचा तो पूल होता, बांधून दोन दशकेही झाली नव्हती. आतल्या ताणून बसवलेल्या केबल गंजल्या होत्या. आकड्यांनी काय वाचवले, असा प्रश्न तेव्हा साहजिक होता. माझे उत्तर असे की दोष गणिताने घडवला नाही, पण गणितानेच धोक्याची जागा ठरवली. खांबातून बाहेर आलेल्या तुळईत ताण वरच्या बाजूला येतो. पोलाद अक्षापासून जितके दूर तितके कामाचे, म्हणून केबल वरच्या फ्लँजमध्ये, रस्त्याच्या पृष्ठभागाजवळ जातात. पावसाचे पाणी आणि खारी हवा आधी पोचते तीही तिथेच. ज्या जागी पोलाद सर्वांत उपयोगी, त्याच जागी ते सर्वांत उघडे. आयआरसीने १९७८ मध्येच पुलांच्या देखभाल-तपासणीची पुस्तिका काढली होती. १९९० मध्ये तपासणी आणि देखभालीचे अधिक विस्तृत मार्गदर्शन आले. आणि आयआरसी ११२ मध्ये टिकाऊपणाला स्वतंत्र प्रकरण मिळाले. त्यात पोलादावर काँक्रीटचे किमान कव्हर परिस्थितीनुसार ठरवले आहे: मध्यम ठिकाणी ४० मिलीमीटर, अति टोकाच्या ठिकाणी ७५. अक्षापासून ३०० मिलीमीटरवर बसणारी सळई या ३५ मिलीमीटरच्या फरकाने आत सरकवली, तर ‘आय’मधला तिचा वाटा सुमारे २२ टक्क्यांनी घटतो. म्हणजे ती घट भरून काढेल इतके जास्त पोलाद घाला किंवा तुळई खोल करा, आणि तो खर्च आराखड्यातच मांडा.